एकोणीस भाकरघरं आणि एक चानकी

"इरफान, झालं का रं तुजं? माजं आधण निवायलंय!"

रोज सकाळी पावणेसहाला बार्शीच्या भाकरघरात ही हाक ऐकू आली, की वैजयंतामावशींनी हातमोजे चढवले असं समजायचं. पातळ, करड्या रंगाचे मोजे, मनगटापासून बारीक वायर निघालेले. हात किती दाबतो, कुठं वळतो, कधी थांबतो, सगळं ते टिपून घ्यायचे. मावशींनी त्यांना नाव ठेवलं होतं "सासूबाई". कारण काय, तर हात कुठंही गेला तरी यांची नजर त्याच्यावरच.

"कधीच झालंय, मावशी! करा सुरू!" आतल्या खोलीतून इरफान शिकलगार ओरडायचा. इरफान म्हणजे अन्नदा महिला संघाचा यंत्रवाला. चाळिशीचा, पोट सुटलेला, मनानं लोण्याचा गोळा.

मग मावशी काठवटीत शाळूचं पीठ घ्यायच्या, आधण ओतायच्या, तळव्याच्या टाचेनं मळायच्या आणि अकरा भाकरी थापायच्या. अकराच. त्या अकरा भाकरींवर एकोणीस गावांतलं दुपारचं जेवण अवलंबून होतं.

त्याचं असं झालं होतं. नाशिकपासून नांदेडपर्यंत संघाची एकोणीस भाकरघरं होती, आणि भाकरी थापणाऱ्या बाया काही मिळत नव्हत्या. तरुण पोरींना थापता येत नव्हतं, येत होतं त्यांची मनगटं गेली होती. तेव्हा संघानं यांत्रिक हात घेतले, प्रत्येक ठिकाणी दोन. प्रत्येक हाताच्या बुडाशी पत्त्यांच्या कॅटाएवढा, एकाच पाटीवर बसलेला संगणक, आणि त्या संगणकात नखाएवढं कार्ड. सगळी अक्कल त्या कार्डात. पण भाकरघर म्हणजे काही थंडगार ऑफिस नव्हे. पीठ उडायचं, वाफ बसायची, मधेच वीज जायची. कार्डं पटापट मेली. एका आषाढात सत्तावीस गेली. नांदेडचा एक हात तर भाकरी थापता थापता सगळंच विसरला आणि दोन तास नुसत्या टाळ्या वाजवत बसला. गिऱ्हाइकांना वाटलं, भजन चाललंय.

इरफाननं वैतागून सगळी कार्डंच काढून टाकली.

"मग आता त्या मेल्याला येतं काय?" मावशींनी तेव्हा विचारलं होतं.

"काही नाही. जाग आली की तारेवर हाक मारायची, एवढंच येतं. मी कोण? माझं घर कुठं? मग इथं आपल्या कोठीतला मोठा संगणक ओ देतो. आधी त्याला त्याचा नंबर सांगतो. मग जागं राहण्यापुरती अक्कल पाठवतो. आणि मग म्हणतो, हे माझं कपाट आहे, ते तू आपलंच समज. त्या कपाटाला आम्ही लोक मूळ म्हणतो. नाशिकचा हात राबतो नाशिकला, पण त्याचं मूळ बार्शीत. पाणी किती, थाप कशी, भाकरी कधी उलटायची, सगळं तो इथनं वाचून करतो. तिकडं त्याचं स्वतःचं म्हणून काही नाही. वीज गेली आणि आली, की पुन्हा पहिल्यापासून, मी कोण?"

मावशींनी गालावर हात ठेवला. "म्हंजे रोज सकाळी माजं वारं येतं म्हण की त्यांच्या अंगात!"

इरफान खूप हसला. पण पुढं कुणाला समजावायची वेळ आली की तो हेच वाक्य वापरायचा.

आता खरं म्हणजे असलं सामाईक कपाट नुसतं वाचण्यापुरतं उघडं ठेवतात. चांगला हात एकदा भरून घ्यायचा आणि कुलूप लावायचं, म्हणजे कुणी आत काही खुडबुड करणार नाही. इरफाननंही लावलं होतं. पण मावशी त्याच्यावर उखडल्या. "कालचा हात आज कसा चालंल रं? पीठ काय रोज सारखं असतंय? उन्हाळ्यात पाणी जास्त पितं. जुन्या पिठाची विरी जाती, ते चिरतंय. शिळा हात वाढतोस व्हय लोकांना?"

म्हणून त्यानं आठवड्यापुरतं कुलूप काढलं. त्याआधी अडीअडचणीला म्हणून मावशींच्या हाताची एक नक्कल तेवढी बाजूला ठेवली. आता मावशी सकाळी जे करतील ते थेट मुळात लिहिलं जायचं, आणि साडेसहाला अडतीस हात जागे होऊन तेच वाचायचे. भाकरी अशा फुगायला लागल्या की विचारू नका. आठवडा संपला, इरफान म्हणाला, "उद्या बघू." या दोन शब्दांवर आपल्याकडं निम्मा कारभार चालतो, तिथं एका कुलपाचं काय घेऊन बसलात! तीन वर्षं ते कपाट सताड उघडं राहिलं.

त्या उघड्या दारातूनच चानकी आत शिरली.

दोन वर्षांपूर्वीची होळी. अकरा भाकरी झाल्या, काठवटीला थोडं पीठ राहिलं. ते खरवडून मावशींनी सवयीनं तळहाताएवढी भाकरी थापली आणि तव्यावर टाकायच्या आधी मधोमध डाव्या अंगठ्यानं खळगा केला, तूप साचायला. घरात लेकरू असलं की शेवटच्या पिठाची अशी चानकी त्याच्यासाठी करतात, हे कुणी शिकवावं लागत नाही. पण "सासूबाई" अजून हातावरच होत्या, हे मावशी विसरल्या.

दुपारी लातूरहून फोन. "इरफानभाई, यंत्र खेळायला लागलंय! घाण्याच्या शेवटी बारकी भाकरी करतंय, आणि वर बोट खुपसतंय!" मग परभणी, मग नांदेड. इरफान पुसून टाकायला धावला. पण संघाच्या अध्यक्षा नलिनीताई वाघमोडे यांनी त्याला अडवलं. सगळीकडं पोरं चानकीसाठी भांडत होती. "राहू दे," त्या म्हणाल्या. "कुणाचं काय बिघडतंय?"

मावशींना हे कळलं तेव्हा त्यांच्या हातातला चहा तसाच निवला. "नाशकातबी गेली?"

"नाशिकातबी."

त्या दिवसापासून मावशींनी चानकी एकदाही चुकवली नाही. अंगात ताप असला तरी नाही.

कारण नाशिकला त्यांची लेक होती. प्रांजल. सहा वर्षांपूर्वी प्रांजलची शेवटची परीक्षा चालू असताना तिच्या बाबांची किडनी गेली. चाळीस दिवस दवाखान्यात होते. "पोरीला कळवू नगा, तिची परीक्षा हाय," असं मावशींनी झाडून सगळ्या नातेवाइकांना बजावलं. फोनवर त्या रोज सांगायच्या, बाबा झोपलेत, बाबा बाहेर गेलेत, सगळं बरं हाय. शेवटच्या पेपरच्या दोन दिवस आधी माणूस गेला. पेपर झाल्यावर पोरीला कळवलं. ती आली तेव्हा घरात फक्त समईची वात जळत होती.

प्रांजल रडली नाही. "तू माझे चाळीस दिवस खाल्लेस, आई," एवढंच म्हणाली. आणि तेराव्यानंतर बॅग उचलताना, "उद्या तुला काही झालं तरी मला कळवू नकोस. तुला जमतं ते." त्यानंतर ना फोन, ना येणं. नाशिकला नोकरी आहे, बरी आहे, हे भाच्याकडून कळायचं तेवढंच. ती भाकरघरात जेवते का, हेसुद्धा मावशींना ठाऊक नव्हतं. पण जेवत असली तर? त्या 'तर'साठी त्या रोज अंगठा उमटवत होत्या.

चैत्रात तक्रारी सुरू झाल्या. आधी नाशिक, मग अंबाजोगाई. भाकरीची डावी कड जाड राहतेय, आतून कच्ची. इरफाननं नाशिकचा हात खोलून बघितला, काही नाही. मग सगळीकडून भाकरींचे फोटो मागवले. एकोणीस गावं, सगळीकडं डावी कड. तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. सकाळी अकरा भाकरी झाल्यावर त्यानं मावशींना आत बोलावलं आणि पडद्यावर एक रेघ दाखवली.

"हा तुमच्या डाव्या हाताचा दाब. ही दिवाळी. आणि हे आज."

रेघ रोज थोडी थोडी उतरत गेली होती. एका दिवसात कळू नये इतकी थोडी.

"तुज्या यंत्रात बिघाड हाय," मावशी म्हणाल्या. डावा हात त्यांनी पदराखाली घेतला होता.

"मावशी, पडला होतात का कुठं?"

"मी? मला काय धाड भरलीय!"

इरफाननं स्टूल ओढलं आणि त्यांच्यासमोर बसला. "मला नका सांगू, चालेल. पण तुम्ही जे लपवताय ना, ते अडतीस हात रोज लोकांच्या ताटात वाढतायत."

मावशींनी डावा हात पदराबाहेर काढला. मग हळूच म्हणाल्या, "दिवाळीच्या पाडव्याला न्हाणीत घसरले. तवापासनं बोटांत मुंग्या येत्यात. कुणाला बोलू नगंस."

"डॉक्टरकडं गेला होतात?"

"बघू."

इरफानला त्यांचा राग आला आणि भरूनही आलं. त्याची स्वतःची अम्मी असलीच होती.

नलिनीताईंपासून लपवणं शक्यच नव्हतं. त्या शनिवारी स्वतः आल्या, जवळ बसल्या. "मावशी, इरफानकडं तुमच्या हाताची तीन वर्षांपूर्वीची नक्कल आहे. एकदम ठणठणीत. ती घालू आणि या वेळी कुलूप लावू. तुमचा मान, तुमचं नाव, सगळं तसंच राहील. फक्त हात तुमचा आहे, तुमच्या सहीशिवाय मी बदलणार नाही."

मावशींना सुटल्यासारखं वाटलं. कुणाला कळणार नव्हतं. एकोणीस गावांत त्या पुन्हा धडधाकट होणार होत्या. सही करायला त्यांनी पेन उचललं आणि थांबल्या.

"आन् चानकी?"

इरफाननं मान खाली घातली. "ती त्यानंतरची, मावशी. जुन्या हातात चानकी नाही. आणि कुलूप लावलं की नवं काही आत जाणार नाही."

"मला उद्याचा दिवस द्या," मावशी म्हणाल्या.

रविवारी सकाळी त्यांनी दात-ओठ खाऊन थापल्या. एकेक भाकरी उजेडाकडं धरून बघितली. अकराच्या अकरा डावीकडं जाड. अकरावी उलटताना फाटली. कधी नव्हे ते त्यांना आपल्याच हाताचा संताप आला. काठवटीत थोडं पीठ राहिलं होतं. दोन वर्षं झाली, त्या मनाशी म्हणाल्या. सातशे चानक्या धाडल्या, उलट टपाली काय आलं? ती भाकरघरात येतसुद्धा नसेल. आणि तिकडं नांदेडात कुणी दात पडलेला म्हातारा कच्ची कड चघळतोय. लोकांच्या अन्नात माझं दुखणं कशापायी?

त्यांनी शेवटची चानकी थापली. अंगठा दाबला. खळगा पुरता उमटलासुद्धा नाही. मग मोजे काढले, हात धुतले आणि सही केली. पदर डोळ्यांना लावला तेव्हा इरफान उगाचच वायर गुंडाळत राहिला.

सोमवारी साडेसहाला अडतीस हात जागे झाले. मी कोण, म्हणाले. बार्शीनं त्यांना तीन वर्षांपूर्वीच्या वैजयंतामावशी दिल्या. साडेबारापर्यंत सगळीकडून निरोप आले, भाकरी झकास, पापुद्रा बघा कसा सुटलाय. मावशी भाकरघरात आल्या होत्या, पण त्यांना काही कामच नव्हतं. इकडचा डबा तिकडं केला, झाडलेलं पुन्हा झाडलं आणि घरी गेल्या.

भगवंताच्या देवळामागं त्यांच्या दोन खोल्या होत्या. दीड वाजल्यापासून फोन वाजायला लागला. अनोळखी नंबर. मावशी अनोळखी नंबर कधीच उचलायच्या नाहीत, हल्ली फसवणारे फार झालेत. सात वेळा वाजला. "वाज मेल्या," म्हणून त्यांनी तो उशीखाली कोंबला आणि डावा हात मांडीवर घेऊन चोळत बसल्या.

रात्री साडेआठच्या सुमाराला दारात रिक्षा थांबली. मावशी उदबत्ती लावत होत्या. वळून बघतात तो उंबऱ्यात प्रांजल. गळ्यात अजून ऑफिसचं ओळखपत्र, एका पायात तिची चप्पल, दुसऱ्या पायात भलत्याच कुणाची तरी. ती मावशींकडं नुसती बघत राहिली, वरपासून खालपर्यंत. मग उंबऱ्यावरच बसली.

"आहेस," ती म्हणाली. "आहेस तू."

"अगं बाई! मी कुठं जाती? पर तू अशी एकाएकी..."

"आज चानकी नव्हती, आई."

मावशी उदबत्ती देवापुढं खोचून दाराशी आल्या.

"दोन वर्षं रोज खातेय मी," प्रांजल म्हणाली. आता तिचा आवाज फुटायला लागला होता. "पहिल्या दिवशी वाढली तेव्हाच ओळखली. तुपाचा खळगा दुसरं कोण करतं अंगठ्यानं? राग गेला नव्हता म्हणून फोन केला नाही. पण वाढणारी बाई सांगायची, हात रोज सकाळी बार्शीहून ताजा येतो. म्हणून चानकी आली की वाटायचं, आहे, बरी आहे. मग दिवाळीनंतर खळगा पुसट व्हायला लागला. मी म्हटलं, यंत्राचं काही असेल. रोज स्वतःला हेच सांगायचे. तुझीच मुलगी ना! आणि आज भाकरी इतकी छान, आई. अगदी पूर्वीसारखी. मी चानकी मागितली तर वाढणारी बाई म्हणाली, आता नाही येणार, जुना हात घातलाय. जुना का घातला? नवा उरला नाही म्हणून. मला दुसरं काही सुचेचना. नव्या नंबरावरून सात फोन केले. म्हटलं, झालं. पुन्हा मला कुणी कळवलं नाही."

ती ढसाढसा रडायला लागली. सहा वर्षांपूर्वीचंसुद्धा तिनं आताच रडून घेतलं. मावशी तिच्याजवळ उंबऱ्यावर बसल्या आणि उजव्या हातानं तिचं डोकं छातीशी धरलं. प्रांजलनं हुंदके देतच त्यांचा डावा हात ओढून घेतला, उघडला, एकेक बोट दाबून बघितलं.

"दुखतं?"

मावशींनी तोंड उघडलं. काही न्हाई, बरं हाय, हे शब्द अगदी ओठांवर आले होते. उभा जन्म तेच तर म्हणत आल्या होत्या. नवऱ्याच्या उशाशी बसून फोनवर चाळीस दिवस तेच म्हणाल्या होत्या.

"व्हय," त्या म्हणाल्या. "दुखतंय. पाडव्यापासनं. बोटं ऐकत न्हाईत माजी. आन् मला लई भ्या वाटतंय, चिंगे."

चिंगी हे तिचं लहानपणचं नाव. प्रांजलनं तो हात दोन्ही हातांत घट्ट धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग नाक पुसून म्हणाली, "उद्या नऊला डॉक्टर. बघू-बिघू काही नाही. मी रजा टाकते."

"तू जेवलीस का?"

"अर्धी भाकरी तशीच टाकून पळाले."

"अन्न टाकून?" मावशी ताडकन उठल्या. "ऊठ. काठवट काढ."

पीठ प्रांजलनं मळलं. मावशी पाटावर बसून शेरे मारत होत्या. पाणी जास्त झालं. अगं, टाचेनं रगड, त्याला गोंजारू नगंस. ही भाकरी हाय का महाराष्ट्राचा नकाशा? प्रांजलही कमी नव्हती. "नकाशा तर नकाशा, नाशिक मी खाते, सोलापूर तू खा." दोन भाकरी फाटल्या, तिसरी बरी झाली. चौथी टम्म फुगली तेव्हा दोघींनी एकदम "आता कशी!" म्हटलं.

शेवटी काठवटीला थोडं पीठ राहिलं. प्रांजलनं ते खरवडून तळहाताएवढं थापलं, मधे अंगठा दाबला, शेकलं, तूप घातलं आणि आईच्या ताटात ठेवलं.

"अगं, लेकराची असती ती."

"खा गप."

मावशींनी पहिला घास मोडला तोच उशीखालचा फोन पुन्हा वाजला. या वेळी इरफान होता. प्रांजलनं फोन आईच्या कानाला लावला.

"मावशी, माफ करा, जेवताना त्रास देतोय. सगळीकडून विचारणा चाललीय हो. नाशिकचे, नांदेडचे, लातूरची पोरं रडतायत म्हणे. काय सांगू त्यांना? चानकी कुठं गेली?"

मावशींनी लेकीकडं बघितलं. तिच्या गालाला पीठ लागलं होतं आणि ती आईच्याच ताटातली भाजी पळवत होती.

"सांग त्यांना," मावशी म्हणाल्या, "ती आज घरला आलीया."